बर्लिनमधले पहिले चार आठवडे : कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

रानवारा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून बर्लिनला निघायचं आहे, टीयू बर्लिनमध्ये (तिथल्या तांत्रिक विद्यापीठात) मास्टर्ससाठी. एपीएस (भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची जर्मन पडताळणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे आणि दरमहा हप्त्याने मिळतात ते खातं) ही कामं उरकली आहेत. राहायला एका शेअर फ्लॅटमध्ये महिन्याभरापुरती खोली मिळते आहे, पुढची जागा तिथे गेल्यावर शोधायची.

प्रश्न क्रमाचा आहे. पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्य विमा, विद्यापीठाचा प्रवेश, रेसिडेन्स परमिट अशी पाच मोठी कामं दिसतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद लागतो. टोक कुठून पकडायचं?

दुसरा प्रश्न सामानाचा. कुकर न्यावा का? पिठं, मसाले किती? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

घाटमाथा

टोक एकच आहे : पत्ता. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या पत्त्यावर नाव नोंदवावं लागतं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. हे काम ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात होतं. दोन आठवडे विमान उतरल्यापासून नाही, त्या घरात राहायला गेल्यापासून मोजतात.

बरोबर तीन गोष्टी लागतात. पासपोर्ट व्हिसासकट, भरलेला नोंदणी अर्ज, आणि घरमालकाने सही केलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा कागद. नाव लांबलचक असलं तरी कागद एका पानाचा आहे. त्यावर घर देणाऱ्याचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्याचं नाव आणि सही असते. भाडेकरार याच्या जागी चालत नाही आणि इथेच बहुतेकांचं अडतं. करार दाखवून लोक परत पाठवले जातात आणि पुढची वेळ मिळेपर्यंत आठवडे जातात.

अपॉइंटमेंट भारतातूनच घ्या. बर्लिनमधल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंदणी होते, आपल्याच भागातलं लागत नाही. संकेतस्थळावर 'संपूर्ण बर्लिन' निवडून शोधायचं. आज काही दिसलं नाही तर सकाळी पुन्हा बघायचं, कारण लोकांनी रद्द केलेल्या वेळा दिवसभरात मधूनच मोकळ्या होतात. जर्मन बोलता येत असेल तर ११५ या क्रमांकावर फोन करूनही मिळते. चौदा दिवसांच्या आतली वेळ मिळालीच नाही तर घाबरू नका. जी मिळेल ती घ्या आणि बुकिंगचा ईमेल जपून ठेवा.

नोंदणी झाली की तिथल्या तिथे एक शिक्का मारलेला कागद मिळतो. पुढच्या बहुतेक कामांना तोच लागतो. त्याचा चांगला फोटो काढून ठेवा, मूळ कागद कुणालाही देऊ नका.

सांजसावली

घाटमाथांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण त्याच्याही आधीचं एक काम राहिलं. लेटरबॉक्सवर नाव.

बर्लिनमध्ये पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. आपल्याकडे 'बी विंग, ३०४' लिहिलं की झालं, तिथे रस्ता, इमारत क्रमांक, पिनकोड आणि आडनाव एवढंच. पोस्टमन बॉक्सवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि परत गेलं हे तुम्हाला कळतही नाही.

पहिल्या महिन्यात पोस्टाने काय काय येतं ते बघा : बँकेचं कार्ड, बँकेचा पिन (कार्डाच्या वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी), आरोग्य विम्याचं कार्ड, अकरा आकडी कर क्रमांक. यातलं एक जरी परत गेलं तरी पुन्हा मागवण्यात दोन-तीन आठवडे जातात. म्हणून चावी मिळाली त्याच दिवशी, बॅग उघडायच्या आधी, बॉक्सवर नाव लावायचं. पासपोर्टवर जे आडनाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने.

तळेगावकर

+१. पासपोर्टवर काहींचं आडनावाचं खानं रिकामं असतं, तीन नावं एकाच ओळीत असतात. त्यांनी तीनही नावं बॉक्सवर लावावीत. बँक एका नावाने पत्र पाठवते, विमावाले दुसऱ्या.

रानवारा

धन्यवाद घाटमाथा, सांजसावली ताई. एक अडचण. ज्या खोलीचं बोलणं चाललंय तिथला मुलगा म्हणतो, 'आनमेल्डुंग होणार नाही, महिन्याभराचाच प्रश्न आहे.' चालेल का?

बोरीबंदर

चालवून घेता येतं. महिनाभर तिथे राहायचं, पक्की खोली शोधायची आणि तिथे गेल्यावर नोंदणी करायची. ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये खोली मिळणं इतकं अवघड आहे की नोंदणीचा हट्ट धरून हातातली जागा सोडू नये. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्याही लांब असतात.

घाटमाथा

बोरीबंदर, इथे मी असहमत आहे. पक्की खोली महिन्यात मिळेल हे गृहीत धरलंत. नाही मिळाली तर? कर क्रमांक नोंदणीशिवाय येत नाही, आणि काही ब्लॉक्ड अकाउंटवाले पहिला हप्ता सोडायला नोंदणीचा कागद मागतात. तोवर खर्चाला भारतातलं कार्ड. खोली थोडी महाग आणि लांब असली तरी चालेल, शहराच्या कडेला मार्त्सान किंवा श्पांडाऊला असली तरी चालेल, पण नोंदणी देणारीच घ्यावी. एस-बान लोकलने अर्धा-पाऊण तास जातो, एवढंच.

आणि रानवारा, 'होणार नाही' याचं कारण विचारा. बऱ्याचदा मूळ भाडेकरूने मालकाची परवानगी न घेता खोली दिलेली असते. रीतसर पोटभाडेकरू ठेवला असेल तर मूळ भाडेकरूसुद्धा घर देणारा म्हणून त्या कागदावर सही करू शकतो. हे अनेकांना माहीतच नसतं. एकदा समजावून सांगा, कदाचित होऊन जाईल.

बोरीबंदर

मूळ भाडेकरू सही करू शकतो, हा मुद्दा मान्य. ते आधी विचारावं. ब्लॉक्ड अकाउंटच्या अटीही प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. काहींना फक्त जर्मन खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पुरतो. निघण्यापूर्वी त्यांना ईमेल करून विचारलेलं बरं.

मोरपंख

खोलीवरून आठवलं, फसवणुकीची एक ठरलेली पद्धत आहे. मालक म्हणतो मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. फोटो सुंदर, भाडं निम्मं. खोली न बघता, करार हातात न घेता एक युरोही पाठवू नका. स्वतःला जाता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर खोली, जिन्यातली घंटीवरची नावं आणि रस्त्यावरची इमारतीच्या नंबराची पाटी, तिन्ही एकाच सलग कॉलमध्ये दाखवायला सांगा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून तीन महिन्यांचं भाडं. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता राहायला जाताना. जाहिरातीतलं भाडं काल्टमीटे आहे की वार्ममीटे (हीटिंग-पाणी धरून) ते नीट बघा. फरक शंभर युरोंच्या वरही जातो.

वसईवाला

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो ना? तिथे काय लिहायचं? आमच्या वसईची बरीच मुलं आता जर्मनीत जातायत, पालक विचारतात.

घाटमाथा

छान प्रश्न. हा रकाना चर्चच्या करासाठी आहे. रोमन कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) लिहिलं की नाव त्या चर्चकडे जातं आणि पगार सुरू झाल्यावर आयकरावर ९ टक्के चर्चचा कर लागतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यांत ८ टक्के. हे ९ टक्के पगाराचे नव्हेत, कापलेल्या आयकराचे. विद्यार्थ्याचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेखाली असेल तर चर्चचा करही शून्य. त्यामुळे बाप्तिस्मा झालेल्याने खोटं लिहिण्याचं काही कारण नाही. तिथे जे लिहाल ते पुढे वर्षानुवर्षं नोंदीत राहतं. हिंदू, जैन, बौद्ध वगैरेंना हा कर नाही, रकाना रिकामा ठेवला तरी चालतो.

वसईवाला

मनापासून आभार. एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

हिरवा चाफा

आरोग्य विम्याबद्दल लिहिते, कारण इथली चूक नंतर सुधारता येत नाही.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विमासंस्थेत, म्हणजे क्रांकनकासेमध्ये, विद्यार्थी दराने प्रवेश मिळतो. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. तेवीस वर्षांवरच्यांना थोडे जास्त. दलाल कमी पैशांचा खाजगी विमा गळ्यात मारायला बघतात. तो घेऊन सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत सरकारी पद्धतीत परत येता येत नाही. शिवाय खाजगीत आधी आपण पैसे भरायचे, मग बिल लावून मागायचे. दाताचं किंवा हाडाचं मोठं काम निघालं तर विद्यार्थ्याच्या खात्यात तेवढे पैसे आणायचे कुठून?

क्रम असा. विम्याचा अर्ज भारतातूनच ऑनलाइन करता येतो. विद्यापीठाचं नाव त्यात अचूक द्या, कारण विमासंस्था विद्यापीठाला थेट संगणकावरून संदेश पाठवते. तो संदेश पोचल्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही. विद्यापीठ म्हणतं 'विम्याचा कागद नाही' आणि विमासंस्था म्हणते 'पाठवला', असं झालं तर बहुधा नाव किंवा जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी पडलेली असते. तारीख भरताना दिवस आधी, महिना नंतर.

हा विमा सेमिस्टरबरोबर, १ ऑक्टोबरपासून लागू होतो. सप्टेंबरमधल्या दिवसांसाठी वेगळा प्रवासी विमा हवाच.

औषधांचं थोडक्यात : पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, फक्त अपोटेकेमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह दोन-तीन महिन्यांची न्या. तातडीला ११२. दवाखाने बंद असताना, पण जिवावरचं नसेल तर ११६११७.

कडीपत्ता

आता महत्त्वाच्या विषयाकडे वळूया. कुकर. :)

आधी घरमालकाला शेगडी कोणती आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, शेगडी चूक दाखवून बंद होईल. फ्रिजवरचं चुंबक कुकरच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही. काळ्या काचेची पण आतून लाल होणारी शेगडी असेल तर कुठलाही कुकर चालतो, मात्र बूड सपाट हवं. जुन्या कुकरचं बूड मधून फुगलेलं असतं, ते काचेला टेकत नाही आणि शिटी व्हायला पंचवीस मिनिटं लागतात.

तीन लिटरचा स्टीलचा, इंडक्शनचं बूड असलेला घ्या. जोडीला त्याच मॉडेलच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. आपल्या कुकरचे सुटे भाग तिथे सहज मिळत नाहीत. सामान चेक-इनमध्येच टाका. आत मसाल्याच्या पुड्या भरल्या की जागाही वाया जात नाही.

बोरीबंदर

कुकरचं वजन दीड-दोन किलो. तुर्की दुकानात लाल मसूर किलोने मिळते, ती कुकरशिवाय पंधरा-वीस मिनिटांत शिजते. पहिल्या महिन्यात कशाला ते ओझं?

कडीपत्ता

मसुरीवर महिना निघेल, राजमा-छोले-मटकीवर नाही. दुसरं म्हणजे बर्लिनचं पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम भरपूर. जड पाण्यात डाळीचं साल आणि गर लवकर मऊ होत नाही, तूरडाळ उघड्या भांड्यात तासभर शिजवली तरी कण राहतो. कुकर हाच त्यावर उपाय. कुकर नसेल तर डाळ रात्रभर भिजवून, चिमूटभर खायचा सोडा घालून शिजवावी.

याच पाण्यामुळे किटलीत पांढरा थर चढतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, थर निरुपद्रवी. दोन-तीन आठवड्यांनी सायट्रिक ॲसिडची पूड चमचाभर पाण्यात घालून ठेवली की निघून जातो.

सांजसावली

शिटीबद्दल शेअर फ्लॅटमधल्या सोबत्यांना आधी सांगून ठेवावं. त्यांनी तो आवाज कधी ऐकलेला नसतो.

आणि फोडणी! खोलीच्या छतावर धुराचा अलार्म असतो, काढायचा किंवा झाकायचा नाही. एका खोलीच्या घरात शेगडी आणि अलार्म एकाच छताखाली येतात. मोहरी-मिरचीचा धूर दोन मिनिटांत तिथे पोचतो. तेल धुरावेपर्यंत तापवू नये, फोडणीवर लगेच झाकण, खिडकी आधीच सताड उघडी.

अलार्म वाजलाच तर जिन्याकडचं दार उघडू नका. वसतिगृहांत जिन्यातले अलार्म कधीकधी थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतात. धूर तिथे गेला की बंब येतो आणि त्याचा खर्च मागितला जाऊ शकतो. धूर खिडकीतूनच बाहेर जाऊ द्या.

मोरपंख

सामानातून काय न्यायचं नाही तेही सांगते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, बासुंदी, सुकट, खिमा काही नाही... थांबा, सुकट मासळीत मोडते, मासळीचे नियम वेगळे आहेत. ती यादीतून वगळा. ताजा कडीपत्ता, ताज्या मिरच्या, आंबे हेही नाही. विमानतळावर ते काढून घेतात.

तुपाची चिंता नको. बुटरश्माल्झ नावाने किराणा दुकानात मिळतं, ते कढवलेलं लोणीच असतं. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, कोरडी चटणी, सुकं आमसूल न्या. प्रत्येकी पाव किलो पुष्कळ झालं. हळद, जिरं, मोहरी, धने यांत वजन घालवू नका. झोनेनआले रस्त्यावरच्या अरबी दुकानांत भरपूर मिळतं, कोथिंबिरीची मोठी जुडीसुद्धा.

कडीपत्ता

पिठाचं राहिलं. जर्मन पिठाच्या पाकिटावर आकडा असतो : ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर जेवढे मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा. कोंडा जास्त तितकी राख जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा, त्याची पोळी थंड झाली की वातड होते. १०५० घ्या आणि त्यात तिसरा हिस्सा फोल्कोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ मिसळा. फोल्कोर्नचा कोंडा जाडसर असतो, नुसत्या त्याच्या पोळ्या कडेला फाटतात. कणीक कोमट पाण्याने मळून अर्धा तास झाकून ठेवायची.

बेसन हवं तर किशरएर्बसेनमेल. शिऱ्याला वाइशवाइत्सनग्रीस, उपम्याला हार्टवाइत्सनग्रीस.

आणि श्रीखंडासाठी चक्का बांधायची गरज नाही, क्वार्क (दह्यासारखं मऊ ताजं चीज) आणा. पाकिटावर ४० टक्के फॅट लिहिलेलं अर्धा किलो क्वार्क फडक्यात दोन तास टांगायचं, पाणी सुटतं थोडंच. मग पाऊण वाटी पिठीसाखर, वेलदोडा, केशर. स्किम्ड क्वार्क घेऊ नका, खरखरीत लागतं.

गणपुले_आजी

क्वार्कचं श्रीखंड वाचून फार बरं वाटलं. पोरांनो, जेवा नीट.

अवांतर : बर्लिनशी आपलं नातं जुनं आहे हो. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी तिथेच शिकायला होत्या. बर्लिनच्या दालेम भागातल्या मानववंशशास्त्र संस्थेत त्यांनी कवट्या मोजल्या, आणि संचालक ऑयगन फिशर यांना अपेक्षित असलेला वांशिक श्रेष्ठतेचा निष्कर्ष त्या मोजमापांतून निघत नाही, हे त्यांनी प्रबंधात मांडलं. परक्या गावात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! सोपं नव्हतं.

घाटमाथा

आजी, सुंदर आठवण. ती इमारत आजही उभी आहे, ईनेश्ट्रासे २२. आता फ्राये विद्यापीठाकडे आहे. यू३ मेट्रोने दालेममध्ये उतरून चालत जाता येतं. रानवारा, पहिल्या मोकळ्या रविवारी जाऊन या. नाहीतरी रविवारी दुकानं बंदच असतात.

तळेगावकर

रविवारवरून : शनिवारी संध्याकाळपर्यंत किराणा भरून ठेवा. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, ती शनिवारी किंवा सोमवारी आली की दोन दिवस सलग बंद. अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफ आणि ओस्टबानहोफ या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात.

प्रवासाचं : बर्लिनच्या तिकिटांसाठी ए, बी, सी असे झोन आहेत, विमानतळ सी झोनमध्ये आहे. तिकीट एबीसी घ्यायचं, एबी चालत नाही. मशीनमधून कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या छोट्या खांबात घालून शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही ६० युरो दंड. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि 'नवीन आहे' ही सबब चालत नाही. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर तिकीट १ ऑक्टोबरपासून. ते जर्मनीभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही.

हिरवा चाफा

घराच्या दाराबद्दल कुणी लिहिलं नाही. तिथल्या बहुतेक दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं की बंद. कचरा टाकायला चावीशिवाय खाली गेलात तर बाहेरच. कुलूपवाला रात्री किंवा रविवारी शेकडो युरो घेतो, म्हणून फोनवरच पूर्ण रक्कम ठरवून मगच बोलवावा.

त्याहून मोठं नुकसान चावी हरवल्यावर. इमारतीची चावी बऱ्याचदा एकाच साखळीतली असते. एक हरवली की सगळी कुलपं बदलायचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो. यासाठी हाफ्टफ्लिश्ट नावाचा दायित्व विमा घेतात, तो फार महाग नसतो. घेताना 'चावी हरवणे' त्यात आहे का, तेवढं पाहा.

सांजसावली

हिवाळ्याची खोली : रेडिएटरच्या नळावर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापत राहते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं सगळ्यात वाईट. भिंत गार पडते, स्वयंपाकाची वाफ तिथे बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मग ती डिपॉझिटमधून कापली जाते. त्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, तेवढा वेळ हीटर बंद, मग पुन्हा सुरू. आत कपडे वाळत घातले तर आणखी एकदा.

गणितज्ञ

विद्यापीठाबद्दल कुणीच लिहीना! वेळापत्रकात '१० सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. 'एस.टी.' असेल तर ठीक दहाला.

परीक्षेला बसण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, विषय निवडला म्हणजे आपोआप नाव जात नाही. टीयूमध्ये 'पोर्टफोलिओ परीक्षा' असा प्रकार आहे. त्यात सेमिस्टरभर छोटे छोटे गुण मिळतात आणि पहिलं मूल्यमापन होण्याआधीच नोंदणी करायची असते, म्हणजे कधीकधी नोव्हेंबरमध्येच. फेब्रुवारीत बघू म्हणणाऱ्यांचा तो विषय गेलाच. श्रेणी उलट्या : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेचे तीनच प्रयत्न मिळतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरला ३० क्रेडिट भरलेच पाहिजेत असं नाही. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. गुणाकार करून पाहा.

मोरपंख

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी आकाशवाणी-दूरदर्शनच्या शुल्काचं पत्र येतं, रुंडफुंकबाइट्राग. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. महिना १८.३६ युरो, पण माणशी नाही, घरटी. शेअर फ्लॅटमध्ये एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून आपलं बंद करायचं. पत्र बाजूला टाकलं तर राहायला आलेल्या महिन्यापासूनची थकबाकी दंडासकट येते.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार. खोलीवाल्याला मूळ भाडेकरूच्या सहीचं विचारलं. मालकाची परवानगी आहे म्हणाला, कागद द्यायला तयार आहे. क्रम असा मांडलाय, चुकत असेल तर सांगा :

भारतातून विम्याचा अर्ज आणि ब्युर्गरआम्टची वेळ. पोचल्यावर मालकाच्या कागदावर सही, नोंदणी, बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंटला आयबॅन, विद्यापीठात प्रवेश पूर्ण, शेवटी रेसिडेन्स परमिट. बरोबर?

एक वेगळं : दिवाळी तिथेच होईल. फटाके चालतात का?

घाटमाथा

दोन दुरुस्त्या. विद्यापीठाचा प्रवेश नोंदणीसाठी थांबवू नका. त्याला विम्याचा संदेश आणि सेमिस्टर शुल्क लागतं, आणि त्याची अंतिम तारीख वेगळी असते. शुल्क भारतातून पाठवत असाल तर बँकेला 'सर्व खर्च पाठवणाऱ्याकडे' असं सांगा. मधल्या बँकेने दहा-पंधरा युरो कापले तर रक्कम अपुरी धरली जाते.

रेसिडेन्स परमिट शेवटी, हे ठीक, पण 'शेवटी' म्हणजे व्हिसावरची तारीख संपण्याच्या पुष्कळ आधी. बर्लिनमध्ये अर्ज ऑनलाइन होतो. पोचल्यावर महिन्याभरात करून टाका. उत्तर यायला वेळ लागतो, आणि व्हिसा संपून नुसता अर्ज चालू असताना भारतात येऊन परत जाणं अडचणीचं होतं.

कडीपत्ता

फटाके नाहीत. तिथे ते वर्षअखेरीलाच, ३१ डिसेंबरच्या रात्री उडवतात. फुलबाज्या वर्षभर चालतात. आकाशकंदील खिडकीत लावा, एलईडीच्या माळेसकट. पणत्या वसतिगृहात लावू नका, अलार्मचं वर आलंच आहे. त्याच सुमारास ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार होतो. घरी फोन लावताना लक्षात ठेवा, आईबाबा झोपलेले असतील.

सांजसावली

रानवारा, तुमच्या यादीत पहिल्या दिवसाच्या पुढे लेटरबॉक्स दिसला नाही. नावाची पट्टी पुण्याहूनच छापून न्या. साधारण सहा सेंटिमीटर लांब, दीड उंच, ठळक रोमन अक्षरांत, तीन प्रती : एक बॉक्सला, एक खालच्या घंटीला, एक जास्तीची. वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, पावसाने शाई उतरते. मूळ भाडेकरूचं नाव झाकू नका, त्याच्या खाली लावा.

रानवारा

आत्ताच छापून घेतो, ताई.